पॉलिफेस फार्म, व्हर्जिनिया : गवतावरचे काय, दाण्यावरचे काय

व्हर्जिनिया राज्यातील शेनँडोआ खोऱ्यात, स्टँटन गावाच्या पश्चिमेला काही मैलांवर स्वोप नावाची छोटी वस्ती आहे आणि तिथे सॅलटिन कुटुंबाचे पॉलिफेस हे शेत आहे. गवतावर वाढवलेली गुरे, कुरणात फिरणाऱ्या कोंबड्या, रानात चरणारी डुकरे आणि रासायनिक खताशिवाय सुधारलेली जमीन यांसाठी हे शेत इतके गाजलेले आहे की त्याच्याविषयीचे इंग्रजी लेखन ढिगाने सापडते. मराठी स्वयंपाकघराच्या दृष्टीने मात्र त्यातले काय घ्यावे, काय सोडावे आणि जास्तीचे पैसे आपण नेमके कशासाठी मोजतो, हे सांगणारे काही माझ्या वाचनात आले नाही. उत्तर व्हर्जिनियात राहून या शेताची अंडी आणि कोंबड्या आणि क्वचित डुकराचे मांस मी बराच काळ घेत आले आहे, शेतावरही जाऊन आले आहे. त्या आधारावर हा अभिप्राय लिहीत आहे. आमच्या घरात गोमांस येत नाही, त्यामुळे इथल्या गोमांसाच्या चवीबद्दल मला काही लिहिता येणार नाही. हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की या शेतावर निव्वळ गवतावर वाढतात ती मुख्यतः गुरेच, आणि ज्या गोष्टी माझ्यासारखी गिऱ्हाईके विकत घेतात त्यांचा गवताशी असलेला संबंध वाटतो तितका सरळ नाही.

विल्यम आणि ल्युसिल सॅलटिन या दांपत्याने १९६१ साली ही जमीन घेतली. त्याआधी ते वेनेझुएलात शेती करत होते आणि तिथल्या राजकीय अस्थिरतेमुळे त्यांना परत यावे लागले होते. घेतलेली जमीन परिसरातली अगदी निकस होती. वर्षानुवर्षे धान्याची पिके घेऊन मातीचा वरचा थर धुऊन गेलेला, ठिकठिकाणी खडक उघडा पडलेला आणि उतारावर खोल घळी पडलेल्या. अशा जमिनीवर कुटुंब पोसले जाणे शक्य नव्हते, म्हणून विल्यम हिशेबनीस म्हणून आणि ल्युसिल शिक्षिका म्हणून नोकरी करत राहिले आणि शेत हळूहळू सावरत गेले. तीव्र उतारावर झाडे लावायची, तळी खोदायची, नांगर जमिनीला लावायचाच नाही आणि गुरे एका जागी फार काळ ठेवायची नाहीत, एवढ्या चार गोष्टी त्यांनी धरून ठेवल्या. त्यांचा मुलगा जोएल काही काळ वर्तमानपत्रात बातमीदारी करून १९८२ साली पूर्णवेळ शेतीत उतरला, आणि आज रोजचा कारभार बहुतांशी त्याचा मुलगा डॅनियल पाहतो. घरची जमीन सुमारे ५५० एकर असली तरी त्यातली बहुतेक जंगल आहे. उघडे कुरण शंभरेक एकरांच्या आसपास, आणि त्याखेरीज शेजारपाजारची बरीच जमीन खंडाने घेतलेली आहे. तेव्हा ‘छोटे कौटुंबिक शेत’ हे वर्णन कुटुंबाच्या बाबतीत खरे असले तरी उलाढालीच्या बाबतीत आता जरा सैल पडते.

या शेताचे खरे कौतुक कुरणाच्या व्यवस्थेचे आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय मालाविषयी बोलण्यात अर्थ नाही. गुरांचा कळप रोज नव्या पट्ट्यात नेला जातो. त्यासाठी लागते ती विजेची एकच तार, हलके खुंट आणि सरकवता येण्याजोगी पाण्याची टाकी. संध्याकाळी तार उघडली की गुरे स्वतःहून पलीकडे जातात, हाकावी लागत नाहीत. पुढे ताजे गवत आहे हे त्यांना कळून चुकलेले असते. पट्टा मुद्दाम लहान ठेवतात, म्हणजे गुरे निवडून निवडून गोड गवत खात बसत नाहीत, सगळे सारखे खातात आणि सगळीकडे सारखे शेण टाकतात. दुसऱ्या दिवशी ती तिथे नसतात, ही त्यातली महत्त्वाची बाब. खाल्लेले गवत पुन्हा फुटू लागले की त्याचा कोवळा फुटवा गुरांना सर्वांत आवडतो, आणि तो त्याच वेळी पुन्हा खाल्ला गेला तर मुळांत साठवलेली ताकद संपून चांगल्या जातीचे गवत मरते व तण माजते. आंद्रे व्हॉयझँ या फ्रेंच अभ्यासकाने गेल्या शतकाच्या मध्याला हे नीट मांडले होते आणि सॅलटिन कुटुंबाची पद्धत त्याच विचारावर उभी आहे. गवताचा शेंडा खाल्ला गेला की उरलेल्या पानांना पोसवेल एवढेच मूळ ते राखते आणि बाकीची मुळे मातीत कुजतात. पाने वाढली की मुळे पुन्हा वाढतात. असे चक्र मोसमात अनेकदा फिरले की जमिनीत सेंद्रिय पदार्थ वरून न टाकता आतूनच साठत जातो. जिथे कधीकाळी खडक दिसत होता तिथे आता गवत आहे, याचे कारण हे आहे, आणि पावसानंतर त्या कुरणात चालताना पाय रुततो तो चिखलात नव्हे, भुसभुशीत मातीत रुततो, एवढे मी स्वतः पाहिले आहे.

गुरे पुढे गेल्यावर तीन-चार दिवसांनी त्याच पट्ट्यात चाकांवरचे एक मोठे खुराडे ओढून आणतात आणि शेकडो कोंबड्या मोकळ्या सोडतात. हे अंतर अंदाजपंचे ठरवलेले नाही. शेणात माश्यांनी घातलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या तोवर पुरेशा जाड झालेल्या असतात, पण त्यांच्या माश्या झालेल्या नसतात. कोंबड्या शेणाचे पो उकरून अळ्या वेचतात, शेण पसरवतात आणि वर आपली विष्ठा टाकून जातात. गुरांना माश्यांचा त्रास कमी, शेणाखाली गवत दडपून मरत नाही, कोंबडीला फुकटचे मांसान्न, आणि औषधाचा फवारा लागत नाही. हिवाळ्यात गुरे गोठ्यात असताना त्यांच्या पायाखाली लाकडाच्या ढलप्या, पेंढा आणि अधूनमधून मक्याचे दाणे यांचे थर टाकत जातात. हा थर कमरेपर्यंत चढतो आणि स्वतःच्या उष्णतेने गुरांना ऊब देतो. वसंतात गुरे बाहेर गेली की तिथे डुकरे सोडतात. आंबलेला मका शोधण्याच्या नादात ती सगळा थर खालीवर करतात आणि कित्येक आठवड्यांचे यंत्राचे काम होऊन शेणखत तयार होते. उकिरडा उलथण्यासाठी आपल्याकडे माणसे लावावी लागतात, ते काम इथे डुकराच्या जिभेवर सोपवलेले आहे.

माझ्या सासूबाई माण तालुक्यातल्या. त्या इथे आल्या असताना त्यांना शेत दाखवायला नेले, तेव्हा तारेचे कुंपण आणि पुढे सरकणारे खुराडे पाहून त्या म्हणाल्या, “अगं, मेंढ्या बसवतात तसंच आहे हे. एवढं बघायला लोकं विमानानं येतात?” त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. धनगरांचा कळप रानात रात्रभर बसवून घ्यायचा, त्याबदल्यात धान्य किंवा पैसे द्यायचे आणि लेंडी-मुताने जमीन कसदार करून घ्यायची, ही रीत आपल्या दुष्काळी पट्ट्यात आजही आहे. फरक असा की मेंढ्या एका-दोन रात्रींनी पुढच्या गावाला जातात आणि पुन्हा येतात ते पुढल्या वर्षी. इथे तेच काम वेगवेगळ्या जनावरांकडून, ठरलेल्या अंतराने आणि वर्षानुवर्षे त्याच जमिनीवर करून घेतले जाते. नवे आहे ते वेळापत्रक, आणि ते काटेकोर पाळण्याची शिस्त.

आता दाण्याचा प्रश्न. गाय रवंथ करणारी आहे, तिला गवत पुरते. कोंबडीला आणि डुकराला पुरत नाही. कुरणात मिळणारे गवत, किडे, अळ्या यांचा वाटा कोंबडीच्या खाण्यात थोडाच असतो, बाकी तिला मका, सोयाबीन आणि इतर धान्याचे खाद्य द्यावेच लागते. पॉलिफेसवरही ते दिले जाते आणि कुटुंब ते लपवत नाही. खाद्य जनुकीय बदल न केलेल्या बियाण्याचे आणि शक्यतो आसपासच्या भागातले घेतो, असे ते सांगतात. तरीही ते धान्य दुसऱ्या कोणाच्या तरी नांगरलेल्या शेतात पिकलेले असते, आणि त्यातला नत्र व स्फुरद कोंबड्यांच्या विष्ठेतून पॉलिफेसच्या कुरणात उतरतो. म्हणजे इथल्या हिरव्यागार गवताच्या श्रेयातला एक वाटा खाद्याच्या पोत्यांचाही आहे. हा आक्षेप २०१२ च्या सुमारास इथल्या वर्तमानपत्रांत जाहीरपणे घेतला गेला आणि जोएल यांनी त्याला उत्तरही दिले. माझ्या मते दोन्ही बाजू पूर्ण चुकीच्या नाहीत: गुरांच्या फिरत्या चराईने माती सुधारते हे खरे, आणि कोंबड्यांमुळे बाहेरचा कस शेतात येतो हेही खरे. मात्र अंड्यांचा डबा हातात घेऊन ‘गवतावर वाढलेले अन्न’ म्हणणे मला पटत नाही. ‘कुरणात वाढलेले’ म्हणावे.

वेष्टनावरच्या शब्दांनी या बाबतीत गिऱ्हाइकाची मदत होईल अशी अपेक्षा ठेवू नये. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमांत मांसावरील ‘नॅचरल’चा अर्थ कृत्रिम घटक न घातलेले आणि फारशी प्रक्रिया न केलेले एवढाच आहे, जनावर कसे वाढले याच्याशी त्याचा काही संबंध नाही. ‘ग्रास-फेड’साठी खात्याच्या पणन विभागाने २००७ साली एक मानक केले होते, तेही जानेवारी २०१६ मध्ये मागे घेतले. पॉलिफेसने सरकारी सेंद्रिय प्रमाणपत्र घेतलेलेच नाही. त्यांचे म्हणणे असे की कागदापेक्षा डोळ्यांनी पाहा. शेत वर्षभर उघडे आहे, कोणीही न सांगता यावे आणि हवे तिथे फिरावे. हातच्या काकणाला आरसा कशाला, असा हा बाणा आहे आणि तो निव्वळ बोलण्यापुरता नाही, हे तिथे गेलेल्या कोणालाही दिसते. स्वतः फिरण्यास शुल्क नाही, मार्गदर्शकासह होणाऱ्या फेरीला आहे. माझी एक शंका मात्र राहते. बरीच वर्षे हे कुटुंब दूरच्या गिऱ्हाइकाला माल पाठवायला साफ नकार देत असे, कारण त्यांच्या मते शेजाऱ्याने शेजाऱ्याचे शेत पाहून खावे; आता ते दूरच्या राज्यांतही गोठवलेले मांस पेटीतून पाठवतात. टेक्सासमध्ये बसून पेटी उघडणाऱ्याला तो उघडा दरवाजा काय कामाचा? त्याच्यासाठी प्रमाणपत्रच बरे पडले असते.

अंड्यांविषयी मला फारशी तक्रार नाही. कवच फिकट तपकिरी ते गडद तपकिरी, आकार कमी-जास्त, आणि कवचाला थोडी जाडी असते. फोडताना ते चुरगळत नाही, नीट दुभंगते. तव्यावर टाकल्यावर पांढरा भाग पसरत नाही, गोळा होऊन राहतो आणि त्यावर बलक उंच उभा राहतो. अंडे ताजे असल्याची ही जुनी खूण इथे जवळजवळ दर वेळी दिसते. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला बलक गर्द केशरी असतो. हिवाळ्यात कोंबड्या प्लास्टिकच्या छपराखाली ठेवतात तेव्हा तो पिवळ्यावर येतो. मला तर हा उतारच विश्वासाचा वाटतो, कारण बाजारात बारा महिने एकाच छटेचा बलक हवा असेल तर खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क घालतात आणि त्याला कुरणाची गरज लागत नाही. नुसता रंग पाहून अंडे निवडणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. पोषणाच्या बाबतीत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा दाखला देता येतो: कुरणात फिरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत पिंजऱ्यातील कोंबड्यांच्या अंड्यांपेक्षा ‘ई’ जीवनसत्त्व सुमारे दुप्पट आणि ओमेगा-३ मेदाम्ले दुपटीहून अधिक आढळली. तो अभ्यास पॉलिफेसच्या अंड्यांचा नव्हता, आणि एका अंड्यात ओमेगा-३ असून असून किती असणार, हाही प्रश्न आहेच. मी ही अंडी घेते ती चवीसाठी. उकडून नुसते मीठ-मिरपूड लावून खायला आणि अर्ध्या कच्च्या बलकाच्या आम्लेटला ती अप्रतिम आहेत. भुर्जी किंवा अंडाकरी करायची असेल तर कांदा, टोमॅटो आणि गरम मसाल्यात हा फरक जवळजवळ बुडून जातो; त्यासाठी एवढे पैसे घालवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

मांसाच्या कोंबडीबद्दल मात्र आपल्या लोकांचा अपेक्षाभंग होण्याची शक्यता बरीच आहे, आणि तो टाळता येण्याजोगा आहे. ‘कुरणातली कोंबडी’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे परसात हिंडणारी गावरान कोंबडी उभी राहते. प्रत्यक्षात इथे वाढवतात ती पांढरी, भरभर वाढणारी संकरित जात आहे. अमेरिकेतील बंदिस्त पोल्ट्रीत असते तीच. ती आठ आठवड्यांच्या सुमारास कापली जाते. सुरुवातीचे तीनेक आठवडे पिल्ले उबेत ठेवून नंतर त्यांना कुरणातल्या बिनतळाच्या, बुटक्या पिंजऱ्यांत सोडतात. हा पिंजरा दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दोन फूट उंच असतो आणि त्यात सुमारे ७५ पक्षी असतात. हिशेब केला तर एका पक्ष्याच्या वाट्याला १.६ चौरस फूट जागा येते. रोज सकाळी पिंजरा ताज्या गवतावर सरकवतात, स्वच्छ हवा आणि ऊन मिळते, स्वतःच्या घाणीत बसावे लागत नाही, ससाणा आणि कोल्ह्यापासून बचाव होतो. हे सगळे मोठ्या पोल्ट्रीच्या कितीतरी पुढचे आहे. पण ‘मोकळी कोंबडी’ हे चित्र त्यात बसत नाही, आणि ज्यांना ते हवे आहे त्यांनी पिंजऱ्यापाशी उभे राहून स्वतः ठरवावे. चवीला हे मांस बाजारच्या कोंबडीपेक्षा घट्ट आणि स्वच्छ आहे, शिजताना पाणी सोडत नाही, भाजून किंवा तंदुरीसारखे करून छान लागते. सुक्क्यालाही चांगले. रश्श्याला ते साधारणच.

रश्श्यासाठी या शेतावर वेगळी वस्तू मिळते आणि मराठी गिऱ्हाइकाने ती आवर्जून घ्यावी. अंडी देऊन थकलेल्या कोंबड्या इथे वेगळ्या विकल्या जातात. इथल्या लोकांना त्यांचे काय करावे हे सुचत नाही, कारण ओव्हनमध्ये भाजल्यास त्या चामड्यासारख्या होतात. त्यामुळे त्या पिंजऱ्यातल्या कोंबडीपेक्षा स्वस्तात पडतात. याच कोंबड्या गुरांमागे शेण उकरत, पळत, किडे टिपत हिंडलेल्या असतात, म्हणजे ‘कुरणातली कोंबडी’ हे बिरूद शोभते ते यांनाच. मांडीचे मांस जवळजवळ काळपट, हाडे कठीण, पोटात पिवळीजर्द चरबीची पोटली, आणि नशीब असेल तर आत न घातलेल्या अंड्यांचे लहान-मोठे पिवळे मणीही सापडतात. चरबी आधी काढून पातेल्यात मंद आचेवर वितळवावी आणि तिच्यातच आले-लसणावर तुकडे परतावेत. नंतर हळद-मीठ आणि पाणी घालून कुकरला अर्धा-पाऊण तास द्यावा. चार शिट्ट्यांत हे काम होत नाही. अळणी पाणी बाजूला काढून, तीळ, खसखस आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे वाटण घालून केलेला तांबडा रस्सा या कोंबडीचा होतो तसा अमेरिकेत दुसऱ्या कशाचाही झाल्याचे मला आठवत नाही. वर जो तवंग येतो तो तेलाचा नसून तिच्याच चरबीचा असतो. सासूबाईंनी त्या रश्श्यात भाकरी कुस्करली आणि जेवण होईपर्यंत काही बोलल्या नाहीत. आमच्या घरात याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळत नसते.

डुकराच्या मांसाबद्दल थोडक्यात सांगते. डुकरे जंगलात तारेच्या कुंपणाने आखलेल्या भागांत फिरवतात आणि मोसमात ओकची फळे खातात. खाद्य अर्थात दिलेलेच असते. चरबी पांढरीशुभ्र आणि घट्ट, चव सौम्य. गोव्याकडच्या पद्धतीने व्हिनेगर घालून विंदालू करणाऱ्यांना ते आवडेल. माझा त्यातला अनुभव मर्यादित आहे.

दुधाची चौकशी करत इथे जाऊ नये. गवतावरच्या गाईंचे शेत म्हटल्यावर आपल्या मनात पहिल्यांदा दूध, लोणी आणि साजूक तूप येते, पण पॉलिफेसचा कळप मांसासाठी आहे. व्हर्जिनियात न तापवलेले कच्चे दूध किरकोळ विकण्यास कायद्याने मनाई आहे आणि जोएल सॅलटिन त्याविरुद्ध वर्षानुवर्षे बोलत आले आहेत. ज्यांना असे दूध हवे असते ते दुसऱ्या एखाद्या शेतावर कळपात हिस्सा घेतात आणि आपल्याच गाईचे दूध घरी आणतात. तुपासाठी मी तरी दुकानातले कुरणावरच्या गाईंचे लोणी आणूनच कढवते.

कायद्याचाच आणखी एक भाग गिऱ्हाइकाला ठाऊक असलेला बरा. वर्षाला २०,००० पक्ष्यांपर्यंत शेतकऱ्याला स्वतःच्या शेतावर कोंबड्या कापून विकण्याची केंद्रीय कायद्यात सवलत आहे. रोज सरकारी तपासनीस हजर असण्याची अट त्याला नसते. त्यामुळे पॉलिफेसवर कोंबड्या उघड्या शेडमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर कापल्या जातात. उलट्या शंकूच्या आकाराच्या पत्र्यात कोंबडी डोके खाली करून ठेवतात, त्यामुळे तिची फडफड होत नाही, आणि पुढचे काम रांगेने चालते. ज्यांना ते पाहवणार नाही त्यांनी त्या दिवशी जाऊ नये, पण जे खातात त्यांनी निदान एकदा पाहावे, असे मला वाटते. गुरे आणि डुकरे यांना ही सवलत लागू नाही. ती तपासणी असलेल्या कत्तलखान्यातच न्यावी लागतात आणि तिथून मांस गोठवून परत येते. त्यामुळे ताजे मटण घेण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना जवळपास सगळा माल गोठलेला पाहून हिरमुसायला होते.

दर चढे आहेत, यात शंका नाही. अंडी साध्या दुकानाच्या दुपटीहून अधिक आणि अख्खी कोंबडी त्याहूनही चढ्या पटीत पडते. याचे कारण समजते: माणसे जास्त लागतात, जमीन जास्त लागते आणि खाद्य महाग असते. जमिनीचा मुद्दा तर दुर्लक्षित करण्याजोगा नाही. जॉर्जिया राज्यातील अशाच एका बहुपशू कुरण-शेतावर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मातीत कर्ब साठत असल्याचे दिसले, पण तेवढेच मांस काढायला नेहमीच्या पद्धतीपेक्षा अडीच पट जमीन लागली. म्हणजे अशी शेते वाढावीत असे म्हणताना मांस कमी खावे लागेल हे गृहीत धरावे लागते, आणि आठवड्यातून एकदाच कोंबडी शिजणाऱ्या घराला त्यात काही जड नाही. आमच्याकडे या शेताची कोंबडी येऊ लागल्यापासून ती कमी वेळा शिजते. खर्च साधारण तेवढाच राहिला.

हे पाहून गावाकडे असेच काही सुरू करण्याचा विचार आलेले काही ओळखीचे लोक आहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की शेनँडोआ खोऱ्यात पाऊस आणि बर्फ वर्षभर विखुरलेले असतात, गवत थंडीचे महिने सोडले तर सतत फुटत राहते. आपल्याकडे चार महिन्यांत सगळा पाऊस पडून जातो आणि माघ-फाल्गुनात डोंगरावरचे कुसळी गवत काडी होऊन उभे असते. तेव्हा रोज नवा पट्टा देणार तो कशाचा? शिवाय या शेताच्या व्यवस्थेचा कणा गोमांसासाठी वाढवलेली गुरे आहेत आणि महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. शेळ्या-मेंढ्या आणि देशी कोंबड्या घेऊन, पावसाळ्यातल्या गायरानावर आणि सुगीनंतरच्या मोकळ्या रानावर आखलेले वेळापत्रक हा वेगळा प्रयोग होईल, आणि त्यासाठी मार्गदर्शन स्वोपपेक्षा एखाद्या धनगरवाड्यावर अधिक मिळेल.

जायचे असेल तर मे ते ऑक्टोबरच्या दरम्यान जावे, कारण हिवाळ्यात खुराडी कुरणात नसतात आणि गुरे गोठ्यात असतात. वॉशिंग्टनकडून येणाऱ्यांना ६६ आणि ८१ क्रमांकांच्या महामार्गांनी अडीच-तीन तास लागतात. शेवटचा रस्ता अरुंद आणि वळणाचा आहे. जुने बूट घालावेत, विजेच्या तारेला मुलांना हात लावू देऊ नये आणि येताना बर्फाची पेटी बरोबर ठेवावी. शेतावरच्या दुकानाची वेळ आधी पाहून निघावे, कारण शेत कधीही पाहता येत असले तरी दुकान तसे उघडे नसते. एवढा प्रवास नको असेल त्यांनी ठरावीक ठिकाणी माल पोहोचवण्याची त्यांची सोय वापरावी. आम्ही बहुतेक वेळा तेच करतो. रश्श्याच्या कोंबड्या वर्षभर सारख्या मिळत नाहीत, कळप बदलताना येतात. यादीत त्या दिसल्या की गोठवणीत जागा असेल तेवढ्या मागवून ठेवाव्यात, आणि पिंजऱ्यातल्या कोंबडीचे पैसे वाचवून त्यांत अंडी घ्यावीत.